हेझलच्या आईसाठी: एका गाजलेल्या किशोर-प्रेमकथेच्या मी प्रेमात पडले, त्याबद्दल

निशिगंध (धागाकर्ती)

ज्या पुस्तकाचा फार गाजावाजा होतो, ते मी चार-दोन वर्षे जाऊ देते आणि मगच हातात घेते. जॉन ग्रीन यांचे ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ मात्र मी त्याहून कितीतरी अधिक काळ टाळले. जानेवारी २०१२ मध्ये ते अमेरिकेत प्रसिद्ध झाले, पण त्याच्या कित्येक महिने आधीच, नुसते नाव जाहीर झाल्यावर, ते ऑनलाइन विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले होते. पहिल्या आवृत्तीच्या दीड लाख प्रतींवर लेखकाने स्वतः सह्या केल्या होत्या. जून २०१४ मध्ये चित्रपट आला, तेव्हा माझी पुतणी नववीत होती आणि तिच्या मैत्रिणींपैकी जिच्या तिच्या दप्तरात ते निळे पुस्तक असे.

टाळण्याचे खरे कारण मात्र गाजावाजा हे नव्हते. आमच्या मामांचा मुलगा सतराव्या वर्षी हाडाच्या कर्करोगाने गेला, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. कबड्डी खेळताना गुडघा दुखावला असे समजून आधी घरी तेल चोळले, मग हाडे बसवणाऱ्या माणसाकडे नेले, आणि मुंबईला नेईपर्यंत गुडघ्याच्या वर मोठी गाठ झाली होती. पाय मांडीपासून काढावा लागला आणि पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, तो गेला. ज्या घरात हे घडलेले आहे, त्या घरातल्या माणसाला ‘कर्करोग झालेल्या मुलांची प्रेमकथा’ हे शब्दच नकोसे वाटतात.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत पुतणीची ती प्रत माळ्यावरच्या पेटीत सापडली. शिडीच्या पायरीवर बसून सहज दहा पाने वाचली आणि मग आवराआवर तशीच राहिली. त्या रात्री दीड वाजता मी पुस्तक मिटले आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंडियानापोलिस शहरातील हेझल सोळा वर्षांची आहे. तेराव्या वर्षी तिला थायरॉइडचा कर्करोग झाला, तो फुफ्फुसांत पसरला, आणि आता चाकांच्या गाडीवरचे ऑक्सिजनचे नळकांडे ओढत ती हिंडते. एका चर्चमधील आधारगटात तिला ऑगस्टस भेटतो; हाडाच्या कर्करोगाने त्याचा एक पाय गेलेला आहे. हेझलच्या आवडत्या कादंबरीचा लेखक ॲमस्टरडॅममध्ये राहतो, त्याला भेटायला दोघे जातात. पुढचे सांगत नाही, जरी ते सर्वांना ठाऊक असले तरी.

पुतणीने पेन्सिलीने केलेल्या खुणा त्या प्रतीत जागोजागी आहेत आणि त्यातील बहुतेक ऑगस्टसच्या बोलण्याखाली आहेत. पंधराव्या वर्षी मीही तेच केले असते. पण माझी पेन्सिल जिथे थांबली असती, ती पाने तिच्या प्रतीत कोरी आहेत. तेराव्या वर्षी हेझल अतिदक्षता विभागात मरणाच्या दारात असताना तिची आई वडिलांच्या छातीवर डोके ठेवून रडत म्हणते की, मी आता कोणाची आई उरणार नाही. मुलगी बेशुद्ध आहे असे तिला वाटते. पण मुलगी ते ऐकते, आणि पुढची तीन वर्षे ते वाक्य तिच्या मनात रुतून बसते. एवढे एक वाक्य हाती धरून मी पुस्तक पुन्हा वाचले, तेव्हा सगळी मांडणीच मला निराळी दिसू लागली. हेझलची ती आवडती कादंबरी एका वाक्याच्या मध्येच तुटते, कारण ती सांगणारी आजारी मुलगी तिथे संपते. हेझलला लेखकाकडून जाणून घ्यायचे असते ते हे की, त्या मुलीच्या आईचे पुढे काय झाले. ॲमस्टरडॅमपर्यंतचा सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी आहे, आणि तो प्रश्न तिला स्वतःच्या आईला विचारण्याचे धैर्य होत नाही म्हणून ती तो एका परक्या माणसाला विचारायला जाते.

आपल्याकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने ओळखतात. आमच्या मामीला वाड्यात तिच्या स्वतःच्या नावाने कोणीही हाक मारत नसे; ती अमक्याची आई होती. (त्याचे नाव येथे लिहिणे मला योग्य वाटत नाही.) हेझलच्या आईचे ते वाक्य वाचताना मला त्या वाड्याचा चौक दिसू लागला, आणि मग प्रेमकथा थोडी मागे सरली ती सरलीच.

हे पुस्तक आपण कधी वाचलेत, कोणत्या वयात वाचलेत, आणि त्यातले काय आपल्याजवळ राहिले, हे जाणून घेण्याची फार इच्छा आहे. न आवडलेल्यांनीही अवश्य लिहावे.

वाटसरू

निशिगंधताई, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही मनातले स्पष्ट लिहितो. मला हे पुस्तक आवडले नाही, आणि ते न आवडण्यामागे गाजावाजाचा राग नाही.

पहिला आक्षेप बोलण्याबद्दल आहे. सोळा-सतरा वर्षांची मुले अशी बोलत नाहीत. ऑगस्टस तोंडात न पेटवलेली सिगारेट धरतो आणि ते रूपक आहे असे स्वतःच समजावून सांगतो. रूपक समजावून सांगणारे पात्र मला लेखकाच्या हातातली बाहुली वाटते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१३च्या प्रारंभी ब्रिटनमधील एका वृत्तपत्राने अशा पुस्तकांना ‘सिक लिट’ असे नाव दिले आणि मुलांसाठी ती अनिष्ट आहेत असे म्हटले. त्या लेखाचा सूर मला पटला नव्हता, पण त्यामागची काळजी मला समजते. मरण सुंदर करून दाखवले, त्याला परदेशातले कालवे, उंची रेस्तराँ आणि चुरचुरीत संवाद जोडले, की कोवळ्या वयातल्या वाचकाला आजारपण हे प्रेमाचे एक भारदस्त रूप वाटू लागते. माझ्या वडिलांच्या आजारपणात मी जे पाहिले त्यात औषधांची बिले होती, विम्याचे कागद होते, उसने मागितलेले पैसे होते. या पुस्तकात पैशाची ओढाताण पडद्याआडच राहते.

ॲन फ्रँकच्या घरातील चुंबनाचा प्रसंग वाचून तर मी पुस्तक बाजूला ठेवले होते. काही जागा अशा असतात की तिथे आपल्या कथेतील पात्रांनी आपले सुख साजरे करू नये.

पेन्सिल

माझे सदस्यनाम योगायोगाने असे आहे, पण निशिगंधताईंच्या पुतणीप्रमाणेच मीही २०१४ साली नववीत होते आणि मीही ऑगस्टसच्या वाक्यांखाली रेघा ओढल्या होत्या. आज सव्विसाव्या वर्षी त्यातील निम्म्या मी ओढल्या नसत्या, हे मान्य. तरीही वाटसरूंच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर द्यावेसे वाटते.

पंधराव्या वर्षी आम्ही तसे बोलत नव्हतो हे खरे आहे, पण तसे बोलता यावे अशी आमची इच्छा होती. त्या वयात मनात जे चाललेले असते त्याला शब्द नसतात, आणि कोणी ते शब्द जरा जास्तच नटवून दिले तरी ते आपले वाटतात. शिवाय तोवर आम्ही वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींतील आजारी मुलगी नेहमी सोशिक असे, उशीला टेकून हसत असे आणि इतरांना जगण्याचे धडे देत असे. हेझल चिडते. आधारगटाचा तिला कंटाळा येतो. दयेने बघणाऱ्या माणसांचा तिला वीट आला आहे. तिला मुलगा आवडतो आणि ती ते लपवत नाही. आजारी मुलीलाही शरीर असते आणि इच्छा असतात, हे मला प्रथम या पुस्तकाने सांगितले.

मरण सुंदर करून दाखवले आहे, हे मात्र मला मुळीच पटत नाही. पेट्रोल पंपावरचा प्रसंग आठवून पाहा. ऑगस्टस रात्री एकटाच गाडी घेऊन सिगारेटचे पाकीट विकत घ्यायला गेलेला असतो, कारण एक तरी गोष्ट त्याला स्वतःच्या हाताने करायची असते. अन्न देण्यासाठी पोटात बसवलेल्या नळीच्या जागी जंतुसंसर्ग झालेला, अंगावर उलटी, आणि हेझलला तो विनवतो की कोणाला बोलावू नकोस. ती रुग्णवाहिका बोलावते. त्या पानावर रूपक नाही, चुरचुरीत संवाद नाही, आणि ज्या मुलाच्या प्रेमात आम्ही सगळ्या जणी पडलो होतो त्याचा डौल लेखकाने आमच्या डोळ्यांदेखत काढून घेतला. त्या पानावर मी एकही रेघ ओढली नव्हती. ते पान मी दुसऱ्यांदा वाचूच शकले नव्हते.

ओसरी

मी एका सार्वजनिक रुग्णालयात, मुलांच्या कर्करोग विभागात, वैद्यकीय समाजसेविका म्हणून बावीस वर्षे काम केले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. हा धागा वाचून प्रथमच येथे लिहीत आहे.

आधी वैद्यकीय बाजूबद्दल दोन शब्द, कारण धागा वाचून कोणी पालक घाबरू नयेत. किशोरवयातील थायरॉइडचा कर्करोग बहुतेक वेळा उत्तम प्रतिसाद देतो, तो फुफ्फुसांत पोहोचलेला असला तरीसुद्धा किरणोत्सर्गी आयोडीनच्या उपचारांनी मुले वर्षानुवर्षे चांगली राहतात. हेझलसारखी अवस्था क्वचित होते. ज्या औषधाने ती तगून आहे ते औषध काल्पनिक आहे, आणि लेखकाने पुस्तकाच्या शेवटी तसे प्रामाणिकपणे नोंदवले आहे. ऑगस्टसला आणि निशिगंधताईंच्या मामेभावाला झालेला ऑस्टिओसार्कोमा मात्र नेमका याच वयाचा आजार आहे. हाडे झपाट्याने वाढत असतात त्या वर्षांत, बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास, तो होतो. खेळताना लागले असेल असे समजून चोळणे आणि मालिश करणे यात मोलाचे महिने जातात, हे मी असंख्य वेळा पाहिले. रात्री झोपेतून उठवणारी, काही आठवडे न थांबणारी हाडाची वेदना असेल तर एक साधा एक्स-रे काढून घ्यावा. केमोथेरपी येण्यापूर्वी पाय काढूनही बहुतेक मुले जात; आज आजार पसरलेला नसताना पूर्ण उपचार मिळाले तर शंभरातील साठ-सत्तर मुले वाचतात, आणि पुष्कळांचा पायही आतमध्ये धातूचे हाड बसवून वाचवता येतो. निशिगंधताई, हे वाचून आपल्याला त्रास होईल याची मला जाणीव आहे. पण हे लिहिले नसते तर मला चैन पडले नसते.

आता पुस्तकाविषयी. ऑक्सिजनची नळी कानांमागून घेतलेली असते आणि काही दिवसांनी तिथली कातडी सोलवटते. आमच्याकडच्या आया गॉजची छोटी पट्टी गुंडाळून देत. एका मुलीने त्या नळीवर घरच्या परकराच्या काठाची पट्टी शिवून घेतली होती, मोरपंखी रंगाची, आणि डॉक्टरांनी ती काढायला सांगितल्यावर दिवसभर ती कोणाशी बोलली नाही. हेझल नळीशिवाय क्षणभर राहून पाहते, रात्रीच्या यंत्राच्या घरघरीची तिला सोबत वाटते, हे वाचताना मला लेखक खोलीत बसून लिहिणारा वाटला नाही. नंतर कळले की तरुणपणी त्यांनी मुलांच्या रुग्णालयात काही महिने विद्यार्थी-धर्मोपदेशक म्हणून काम केले होते आणि ही गोष्ट त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे त्यांच्याजवळ पडून होती. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप, सॅच्युरेशन हे शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले. त्याआधी हे पुस्तक वाचलेल्यांनी ते आता पुन्हा वाचावे, नळकांडे वेगळे दिसेल.

आणि आईविषयी. पुस्तकाच्या अखेरीकडे हेझलला कळते की आई आपल्यापासून लपवून शिकत आहे. का लपवून, तर मुलीला असे वाटू नये की ही माझ्यानंतरच्या आयुष्याची तयारी करत बसली आहे. ती जे शिकत असते ते एमएसडब्ल्यू, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे माझीच पदवी. आजारी मुलांच्या कुटुंबांना आधार द्यायचा, असे तिचे ठरलेले असते. त्या पानावर मी खूप रडले. हेझलला मात्र ते ऐकून आनंद होतो, आणि तो आनंद मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे. आपल्यामागे आईला काही काम असेल, हे ठाऊक असलेली मुले अधिक शांत असत. मुले आम्हाला विचारत असत. आईला विचारत नसत, आम्हाला विचारत.

आमच्याकडे चर्चमधला आधारगट नव्हता. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या कितीतरी आया आमच्या विभागात येत. संध्याकाळी व्हरांड्यात चटईवर बसून त्या बोलत, परभणीची बाई बिहारच्या बाईशी मोडक्या हिंदीत बोले. मूल गेल्यावर त्या गावी परत जात आणि आमचा संबंध संपे. पण काही जणी मुलाच्या वाढदिवसाला परत येत. बिस्किटांचे पुडे घेऊन येत, प्रत्येक खाटेवर एक ठेवत आणि कोणाशी फारसे न बोलता निघून जात.

शून्य

ओसरीताईंच्या प्रतिसादानंतर काही लिहावे की नाही असा प्रश्न पडला होता, परंतु पुस्तकातील एका गोष्टीविषयी माझे विद्यार्थी मला दर वर्षी विचारतात, म्हणून ते नोंदवतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो.

काही अनंत इतर अनंतांपेक्षा मोठे असतात, हे विधान त्या पुस्तकामुळे जगभर पोहोचले. विधान खरे आहे. गेऑर्ग कँटर यांनी १८७४ साली ते सिद्ध केले. परंतु हेझल त्यासाठी जे उदाहरण घेते, म्हणजे शून्य ते एक यांमधील संख्यांपेक्षा शून्य ते दोन यांमधील संख्या अधिक, ते चूक आहे. पहिल्या संचातील प्रत्येक संख्येची दुप्पट करा. दुसऱ्या संचातील प्रत्येक संख्या नेमकी एकदाच मिळते. एकास एक संगती लागली, म्हणजे दोन्ही अनंत सारखेच झाले.

वर्गात हे फळ्यावर दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली की सर, मग तर ते जास्तच चांगले झाले, म्हणजे त्यांचा थोडासा वेळ हा मोठ्या आयुष्याइतकाच झाला. मी तेवीस वर्षे शिकवतो आहे. इतक्या अचूकपणे कोणी एकास एक संगतीचा अर्थ सांगितलेला मला आठवत नाही.

निशिगंध (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओसरीताई, त्रास झाला, पण आपण लिहिलेत ते योग्यच केलेत. तेलाची वाटी मीच मामीला गरम करून देत असे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

वाटसरू, पैशाच्या ओढाताणीबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे. आमच्या मामांनी जमीन विकली होती आणि तशी एखादी ओळ या पुस्तकात सापडत नाही. ॲन फ्रँकच्या घराबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण मीही तिथे अडखळले होते आणि दुसऱ्या वाचनात माझे मत बदलले.

प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरच्या त्या घराच्या मागच्या भागात जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ अशी दोन वर्षे आठ माणसे लपून राहिली. पकडल्या गेलेल्या त्या आठांपैकी एकटे ओटो फ्रँक, ॲनचे वडील, जिवंत परत आले. पत्नी गेली, दोन्ही मुली गेल्या. हेझल नळकांडे घेऊन ते उभे, अरुंद जिने चढते, दमते, छाती फाटेल असे तिला वाटते, आणि वर पोहोचते तेव्हा एका पडद्यावर ओटो फ्रँक बोलत असतात. मुलीची दैनंदिनी वाचल्यावर आपण तिला पुरते ओळखतच नव्हतो हे आपल्याला कळले, असे ते सांगत असतात. ते चुंबन होते तेव्हा मागे हा आवाज चालू आहे. मुलीच्या मागे उरलेल्या बापाचा आवाज. हेझलच्या मनातला प्रश्न, की मागे उरलेल्यांचे काय होते, त्याचे उत्तर देणारा माणूस तिथे प्रत्यक्ष बोलतो आहे, आणि ती नेमकी त्या क्षणी जगण्याकडे वळते. लेखकाने ती जागा बेफिकिरीने निवडली असे मला आता म्हणवत नाही.

त्या दारूड्या, उर्मट लेखकाकडे पुन्हा पाहा. तो हेझलला हाकलून लावतो, तिचा अपमान करतो. पुढे कळते की त्याची स्वतःची मुलगी आठ वर्षांची असताना रक्ताच्या कर्करोगाने गेली आणि ती कादंबरी म्हणजे त्याने तिला मोठे होऊ देण्याचा केलेला प्रयत्न होता. म्हणजे हेझल ज्याच्याकडे उत्तर मागायला गेली, तो स्वतःच एक उत्तर होता, फार वाईट उत्तर. ओटो फ्रँक हे दुसरे. आणि चोरून अभ्यास करणारी आई हे तिसरे. पुस्तकात तीन ठिकाणी तीन पालक असे उभे आहेत, आणि चुंबनांच्या, पत्रांच्या गडबडीत ते दिसत नाहीत. हेझलची आई तिचे अर्धे वाढदिवससुद्धा साजरे करते, सोळा पूर्ण होऊन सहा महिने झाले म्हणून तेहेतिसावा. तेहेतीस हा आकडा मी पहिल्यांदा हसून वाचला होता.

नावाबद्दलही सांगते. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये कॅशिअस ब्रूटसला म्हणतो की दोष ताऱ्यांचा नाही, आपलाच आहे. ग्रीन यांनी ते वाक्य उलटे फिरवले. आमच्याकडे मामीला काय काय ऐकावे लागले ते मला आठवते. कोणी साडेसाती म्हणाले, कोणी म्हणाले की सटवाईने जे लिहिले ते चुकत नाही, इथपर्यंत ठीक होते. पण कोणी असेही म्हणाले की हिने गरोदरपणी अमुक व्रत मोडले होते. दोष ताऱ्यांत असू शकतो, तो आईत असलाच पाहिजे असे नाही, हे तिला कोणी तेव्हा सांगायला हवे होते.

केवडा

मी पुस्तक वाचलेले नाही, त्यावरून केलेला हिंदी चित्रपट ‘दिल बेचारा’ पाहिला आहे. तो २४ जुलै २०२० रोजी ऑनलाइन प्रदर्शित झाला, सुशांतसिंह राजपूत यांच्या निधनानंतर सहा आठवड्यांच्या आत. आम्ही सगळे घरी अडकलेलो होतो आणि पडद्यावर मरणाबद्दल बोलणारा मुलगा खरोखरच गेलेला होता. चित्रपट चांगला की वाईट हे मला आजही सांगता येणार नाही. आता निशिगंधताईंचे वाचून लक्षात येते की हिंदीत ॲमस्टरडॅमचे पॅरिस झाले आणि लेखकाचा गायक झाला, अपुऱ्या कादंबरीचे अपुरे गाणे झाले. त्यामुळे ओटो फ्रँक तिथे नाहीतच. जमशेदपूरच्या त्या बंगाली घरातील आईवडील मात्र माझ्या लक्षात राहिले आहेत.

दुसरे असे की, ऑगस्टसच्या मित्राचे दोन्ही डोळे कर्करोगामुळे काढावे लागतात असे वाचले आणि मला आपला ‘श्वास’ आठवला. कोकणातला परशा, त्याच्या डोळ्यांतला कर्करोग, आणि दृष्टी जाण्याआधी त्याने जग पाहून घ्यावे म्हणून त्याला रुग्णालयातून बाहेर घेऊन जाणारे आजोबा. २००४ साली तो चित्रपट लागला तेव्हा मी आजोबांसोबत पाहिला होता. चित्रपटगृहातून बाहेर आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवरचे मला मोठ्याने वाचायला लावले.

वाटसरू

काल रात्री ॲन फ्रँकच्या घराचे प्रकरण पुन्हा वाचले. चुंबनानंतर तिथले लोक टाळ्या वाजवतात ते मला अजूनही खटकते आणि खटकतच राहील. पण पडद्यावर कोण बोलत आहे याकडे मी खरोखर लक्ष दिले नव्हते. त्या वाचनात मी रागात होतो, एवढे मान्य करतो.

आणखी एक गोष्ट शोधताना वाचनात आली, ती येथे नोंदवतो. हे पुस्तक एस्थर अर्ल या मुलीला अर्पण केलेले आहे. तिला थायरॉइडचा कर्करोग होता, लेखकाशी तिची मैत्री होती, आणि ऑगस्ट २०१० मध्ये, सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर काही आठवड्यांतच, ती गेली. हेझल म्हणजे एस्थर नव्हे, असे लेखकाने स्पष्ट सांगितले आहे. तिच्या वाढदिवशी, ३ ऑगस्टला, तिचे चाहते एक दिवस पाळतात. तो कशाचा असावा असे तिला विचारले गेले होते, आणि तिने सांगितले की घरच्यांवर आणि मित्रमैत्रिणींवर आपले प्रेम आहे, हे त्यांना सांगण्याचा तो दिवस असावा. या मुलीने प्रेमकथेचा दिवस मागितला नाही. निशिगंधताई, आपल्या वाचनाला याहून मोठा आधार कोणता असेल, मला ठाऊक नाही.

पेन्सिल

वाटसरू, ही माहिती दिल्याबद्दल आभार. मी आत्ताच आईला फोन केला. काही विशेष बोलले नाही, पोळ्या झाल्या का एवढेच विचारले.

निशिगंधताई, एक विचारू का? नकोसे वाटले तर उत्तर देऊ नका. मुलगा गेल्यानंतर वाड्यातले लोक मामींना काय म्हणू लागले?

निशिगंध (धागाकर्ती)

नकोसे वाटण्यासारखे त्यात काही नाही. उलट हे कोणी विचारावे असे मला कित्येक वर्षे वाटत होते.

वाड्यातल्या बायकांनी ती हाक सोडून दिली. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते, तिला दुःख होऊ नये एवढेच होते. कोणी ‘वहिनी’ म्हणू लागले, कोणी नुसतेच ‘अहो’. काही जणी हाकच मारीनाशा झाल्या, जवळ येऊन उभ्या राहत. मामी त्यावर कधी काही बोलली नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी एक भाजीवाली येत असे. मुलगा गेला त्या दिवशीही ती दारात आली होती, पाटी खाली ठेवून चौकात बसून राहिली होती, त्यामुळे तिला ठाऊक नव्हते असे नाही. पुढच्या मंगळवारी ती आली आणि तिने नेहमीसारखी, दिंडी दरवाजातूनच, पूर्ण वाड्याला ऐकू जाईल अशी हाक दिली, त्याच्या नावाने, अमक्याची आई, मेथी आणलीय. वाड्यात सगळे स्तब्ध झाले. माझ्या आजीने कपाळाला हात लावला. मामी आतून पदराला हात पुसत आली, पायरीवर बसली आणि तिने दोन जुड्या घेतल्या.

त्यानंतर ती बाई वाड्यात येत होती तोवर, म्हणजे सुमारे अकरा वर्षे, ती हीच हाक मारत असे आणि मामी दर वेळी तिच्याकडून मेथी घेत असे. मामांना मेथी आवडत नसे. ते गुपचूप जेवत.